सुवर्णदुर्गावर माणसं मोजून सोडा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

११ जुलै २०२५ ला हर्णैसमोरच्या समुद्रातल्या सुवर्णदुर्ग किल्ल्याचं नाव जागतिक वारशाच्या यादीत गेलं, तेव्हा मी आमच्या आळीत घरटी पेढे वाटले. माझं माहेर हर्णैचं. किल्ला आमच्या ओट्यावरून दिसतो. लहानपणी वेळ विचारली की आई घड्याळाकडे नाही, किल्ल्याच्या तटावर ऊन कुठे आलंय तिकडे बघायची. त्या किल्ल्याला जगाने मान दिला याचा आनंद मला किती झाला, ते शब्दांत सांगता येणार नाही. पण त्यानंतर आलेल्या पहिल्याच दिवाळीच्या सुट्टीत नातीला घेऊन मी किल्ल्यावर गेले आणि जे पाहिलं त्याने दोन रात्री मला नीट झोप लागली नाही. म्हणून हे पत्र.

महादरवाजाच्या पायरीवर कोरलेलं कासव आहे. आत शिरताना उजव्या हाताला भिंतीवर मारुती आहे. माझे वडील त्या कासवाला कधी पाय लागू द्यायचे नाहीत, शेजारून उडी मारून जायचे आणि आम्हालाही तसंच जायला लावायचे. त्या दिवशी नातीला कासव दाखवायला वाकले तर कासव दिसेचना. वेफर्सची पाकिटं, पाण्याच्या बाटल्यांची झाकणं, ओल्या वाळूचा थर. मी पदराने ते पुसून काढलं तेव्हा कुठे पोरीला त्याची पाठ दिसली. आत एका टाक्यात बाटल्या तरंगत होत्या. किल्ल्यावर बायकांना जायला आडोसा नाही, त्यामुळे तटाच्या सावलीत काय परिस्थिती होती ते मी लिहीत नाही. परत येताना माझ्या डोळ्यांसमोर आठ होड्या एकाच वेळी किल्ल्याखाली थांबलेल्या होत्या, आणि कंबरभर पाण्यातून लोक चढत-उतरत होते. एक आजी घसरून पडल्या. खलाशाने धरलं म्हणून बरं.

मी पर्यटनाच्या विरोधात नाही, हे आधीच सांगते. हर्णैशेजारच्या मुरूडला आमच्या वाडीत चार खोल्या आहेत, २००९ पासून आम्ही पाहुणे ठेवतो, जेवण मी करते. सुरमई, सोलकढी, उकडीचे मोदक यांवर माझ्या मुलीचं शिक्षण झालं. पाहुणे यायचे बंद व्हावेत असं मला वाटणं शक्यच नाही. पण पाहुण्यांना बोलावण्याची एक रीत असते, आणि ती मी माझ्याच किनाऱ्यावर नाही, तर आपल्यापैकी फार थोड्यांनी नाव ऐकलेल्या एका बेटावर एका दिवसात शिकले. त्या दिवसाबद्दल सविस्तर लिहू द्या.

२०१९ च्या फेब्रुवारीत माझा मुलगा कोचीला नोकरीला होता. त्याने मला आणि ह्यांना लक्षद्वीपच्या बोटीची तिकिटं काढून दिली. एम. व्ही. कवरत्ती नावाचं जहाज, पाच दिवसांचा प्रवास, कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय अशी तीन बेटं. दिवसभर बेटावर, रात्री जहाजावर. तिथे जायला आधी परवाना काढावा लागतो, पोलिसांचा दाखला लागतो, हे ऐकून ह्यांनी कुरकुर केली होती. जहाज सातशे माणसांचं, पण त्यात आम्ही पर्यटक थोडेच. बाकी सगळे बेटांवरचे लोक. कोचीहून ऑपरेशन करून परतणारा म्हातारा, कॉलेजची पोरं, बाळंतपणाहून घरी निघालेली एक मुलगी, आणि तांदळाची, कांद्याची पोती, एक शिलाई मशीन, प्लास्टिकच्या खुर्च्या. मला एकदम लहानपणची आगबोट आठवली. मुंबईहून निघालेली बोट हर्णैसमोर नांगर टाकायची तेव्हा तिच्यावर अगदी हेच सामान असायचं.

आज तरुणांना हे माहीत नसतं, म्हणून लिहिते. कोकणच्या बहुतेक बंदरांत आगबोट धक्क्याला लागायचीच नाही. ती खोल पाण्यात उभी राहायची आणि उतारू आणायला किनाऱ्यावरून पडाव, म्हणजे मोठ्या होड्या, जायच्या. माझे वडील पडावावर तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, होते. बोटीची शिडी आणि पडाव यांच्यात दर लाटेला चार-चार फुटांचं अंतर पडायचं. वडील पडावाच्या काठाशी उभे राहून उतारूचा दंड धरायचे आणि म्हणायचे, “थांब... थांब... हां, आता!” त्या ‘आता’ला पाय टाकला की माणूस फुलासारखा पडावात. आधी टाकला तर समुद्रात. शेवटी ऐंशीच्या दशकात कोकणची बोट बंद पडली, तोवर पडावही गेले होते. वडील नंतर मासेमारीत गेले, पण तो ‘आता’ माझ्या कानात राहिला.

कल्पेनीला जहाज सकाळी पोचलं आणि बेटापासून लांब, प्रवाळाच्या कड्याबाहेर उभं राहिलं. पोटाजवळचं दार उघडलं आणि खाली एक लाकडी होडी हेलकावे खात होती. आधी बेटावरच्या लोकांना उतरवलं. म्हातारा उतरला, बाळ उतरलं, पोती उतरली. मग आमचा नंबर. दाराशी दोन माणसं उभी, खाली होडीत दोन. वरच्याने माझा उजवा दंड धरला, खालच्याने हात पुढे केला. होडी वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली. तो त्याच्या भाषेत काहीतरी एक शब्द बोलला. मला त्याची भाषा येत नाही, पण माझा पाय बरोबर त्या शब्दाला पुढे पडला. होडीत बसल्यावर मी रडायला लागले. हे घाबरले, त्यांना वाटलं मला लागलं. मी त्यांना काही सांगू शकले नाही.

कड्यातल्या फटीतून होडी आत शिरली आणि पाण्याचा रंग बदलला. आपल्या समुद्रात गाळ असतो, नद्या येतात, त्यामुळे तळ दिसत नाही. तिथे नदीच नाही. चार पुरुष खोलीवरचा दगड दिसतो. आत उथळ, शांत पाणी, त्याला ते लगून म्हणतात. कल्पेनी हे बेट तीन चौरस किलोमीटरलाही भरत नाही, वस्ती चार हजारांवर. त्याच लगूनमध्ये तिलक्कम आणि पिट्टी ही आणखी दोन चिमुकली बेटं. किनाऱ्यावर शहाळी फोडून दिली, आणि तिथेच आमचे गट पाडले. पंचवीस-पंचवीस माणसं. प्रत्येक गटाबरोबर बेटावरचाच एक माणूस. आमच्या वाट्याला तिथले एक निवृत्त मास्तर आले. हिंदी चांगलं बोलायचे. एक गट पोहायला आणि होडी वल्हवायला, एक काचेच्या तळाच्या बोटीत प्रवाळ पाहायला, एक गावात. दुपारपर्यंत गटांची अदलाबदल होत गेली, आणि एका जागी शंभर माणसं मी दिवसभरात फक्त जेवणाच्या वेळी पाहिली.

काचेच्या बोटीतून पाहिलेलं सगळं सुंदरच होतं असं नाही. बराचसा प्रवाळ पांढरा, मेलेला होता. मास्तरांनी लपवलं नाही. समुद्र तापला की प्रवाळ रंग टाकतो, १९९८ ला झालं, २०१० ला झालं, २०१६ ला झालं, असं त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं. ज्या बेटाची जमीनच प्रवाळाची, तिथे प्रवाळ मरणं म्हणजे काय, हे आम्ही त्यांच्या चेहऱ्याकडे बघून समजलो.

मग ते आम्हाला पूर्वेच्या किनाऱ्यावर घेऊन गेले. तिथे पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, नाही. प्रवाळाच्या धोंड्यांचा बांधच्या बांध आहे, मैलभर पसरलेला. काही धोंडे आपल्या देवळातल्या दीपमाळेच्या चौथऱ्याएवढे. १८४७ च्या वादळात समुद्राने ते खालून उचलून बेटावर फेकले, असं मास्तर म्हणाले. मी एका धोंड्यावर हात ठेवला. त्याच्यावर मधमाशीच्या पोळ्यासारखी नक्षी होती, इतकी बारीक की नखाने मोजावी लागेल. एके काळी जिवंत होता तो. पावणेदोनशे वर्षं उन्हात पडूनही नक्षी पुसली नव्हती. मास्तर म्हणाले, “आमच्याकडे पोरांना शाळेत घालायच्या आधी हे दगड दाखवतात.” वर्षभरापूर्वीच, २०१७ च्या डिसेंबरात, ओखी वादळाने त्यांना झोडपलं होतं. मी म्हटलं, ओखीचा पाऊस आमच्याकडेही पडला, आणि तुमच्या बाजूच्या मच्छीमार होड्या आमच्या कोकणातल्या बंदरांत आसऱ्याला आल्या होत्या. त्यांना ते माहीत होतं. वादळाच्या गोष्टीत आमची ओळख एकदम जुनी झाली.

दुपारचं जेवण झाल्यावर, मुलांचं कोलकळी नृत्य सुरू असताना, मास्तर आम्हा चार-पाच बायकांना आपल्या घरी घेऊन गेले. घर माडांत. अगदी आमच्या आगरासारखं, फक्त पोफळी नाहीत. अंगणात विहीर. विहीर कसली, मोठं डबकंच म्हणा, हात लांबवला तर पाणी लागेल इतकी उथळ. मास्तरांच्या बायकोने दोरीला बांधलेल्या डब्याने पाणी काढलं, फडक्यातून गाळलं आणि मला दिलं. मी प्यायले. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. हिंदीत विचारलं, “नमक लगा?” मी म्हटलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसलं, ते आपल्याकडे पाहुण्याने मोदकाला छान म्हटल्यावर यजमानिणीच्या चेहऱ्यावर दिसतं ते.

मग मास्तरांनी समजावून सांगितलं, आणि संपादक महोदय, हे पत्र ज्यासाठी लिहायला घेतलं ते हेच. त्या बेटावर पाऊस पडतो तो वाळूत मुरतो आणि खाली समुद्राचं खारं पाणी असतं त्याच्यावर जाऊन बसतो. गोडं पाणी हलकं, खारं जड, म्हणून गोडं वर तरंगतं. दुधावरच्या सायीसारखं. ती साय हळूहळू काढली तर पुरते. जोरात उपसा केला की खालचं खारं पाणी उसळून वर येतं, आणि एकदा आलं की पुढच्या पावसाळ्यापर्यंत, कधी कधी कित्येक पावसाळे, जात नाही. अभियंत्यांचा हिशेब असा की समुद्राच्या पातळीवर गोडं पाणी एक फूट असेल तर खाली चाळीस फूट असतं. म्हणजे वरचं फूटभर कमी झालं की खालून खारं पाणी चाळीस फूट सरकायला मोकळं. कवरत्तीला आदल्या दिवशी आम्ही खोल समुद्राच्या थंड पाण्याच्या मदतीने वाफेचं गोडं पाणी करणारा कारखाना पाहिला होता, २००५ पासून चालतो आणि दिवसाला एक लाख लिटर पाणी देतो. पण कल्पेनीला तेव्हा विहिरी आणि पावसाच्या टाक्या यांचाच आधार होता. मी मास्तरांना विचारलं, इतके कमी लोक का आणता, जहाज तर मोठं आहे. ते म्हणाले, “बेटावर किती माणसं उतरवायची ते होडीला विचारायचं नसतं, विहिरीला विचारायचं असतं.”

हे ऐकताना माझे कान गरम झाले. कारण माझी स्वतःची विहीर तेव्हा दोन वर्षं मचूळ होती.

आमच्या वाडीत पूर्वी रहाट होता. बैल फिरायचा, पोहऱ्यांनी पाणी यायचं, पाटाने पोफळींना जायचं. रहाट जितकं पाणी काढायचा तितकंच रात्रीत भरून यायचं. मग मोटार आली. तरी वाडीपुरतं चाललं होतं. २००९ ला खोल्या बांधल्या, प्रत्येक खोलीला न्हाणीघर, वर हजार-हजार लिटरच्या टाक्या. मे महिन्यात पाहुण्यांची रांग. समुद्रात डुंबून आलेला माणूस दोनदा आंघोळ करतो, आणि का करू नये, पैसे देतो. मोटार सकाळपासून दुपारपर्यंत चालायची. २०१७ च्या मे महिन्यात एक दिवस डाळ शिजेना. मी डाळीला दोष दिला, दुकानदाराशी भांडले. दुसऱ्या दिवशी चहा फाटला. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी, त्या तेव्हा ब्याऐंशी वर्षांच्या, तांब्यातलं पाणी चाखलं आणि तांब्या खाली ठेवला. काही बोलल्या नाहीत. साठ वर्षं त्या त्या विहिरीचं पाणी प्यायल्या होत्या. त्यानंतर वारल्या तोपर्यंत टँकरचं पाणी प्यायल्या. हे मी केलं. दुसऱ्या कुणी नाही.

कल्पेनीहून परत आल्यावर आम्ही ठरवलं. एप्रिल-मे मध्ये दोनच खोल्या देतो. मोटार सकाळी वीस मिनिटं, संध्याकाळी वीस मिनिटं, त्यापुढे नाही. पाहुण्यांना खोली देतानाच पाण्याची गोष्ट सांगतो, कल्पेनीच्या मास्तरांनी सांगितली तशीच, सायीचा दाखला देऊन. माझा अनुभव सांगते, एकाही पाहुण्याने तोंड वाकडं केलं नाही. पोरं तर रोज विहिरीत डोकावून पाणी किती उतरलं ते सांगायला येतात. छपरांचं पावसाचं पाणी आम्ही विहिरीशेजारच्या खड्ड्यात सोडलं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमचे एकतीस माड आणि जवळजवळ सगळ्या पोफळी पडल्या, खोल्यांचे पत्रे उडाले. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी करोनामुळे पाहुणे नव्हतेच. घरात पैसा नव्हता, पण विहिरीला विश्रांती मिळाली. २०२२ च्या मे मध्ये पाणी पुन्हा गोडं लागलं. मी दर रविवारी सकाळी, चहाच्या आधी, विहिरीचं पाणी चाखते आणि वहीत लिहिते. गोडं, किंचित मचूळ, मचूळ. तीनच शब्द.

आता सुवर्णदुर्गाकडे येते.

आपले जुने लोक हे सगळं जाणत होते. सिंधुदुर्गात भर समुद्रात दूधबाव, दहीबाव, साखरबाव आहेत, आणि त्यांचं पाणी आजही गोडं आहे. सुवर्णदुर्गात पाण्याची टाकी आहेत, विहीर आहे. ज्याने किल्ला बांधला त्याने तटाच्या आधी पाण्याचा विचार केला असणार, कारण पाण्याशिवाय शिबंदी एक महिना टिकली नसती. किती माणसं आत राहतील हे त्या टाक्यांनी ठरवलेलं होतं. मग आज आपण तिथे किती माणसं नेतो, हे कोण ठरवतं? सध्याचं उत्तर आहे, जितक्या होड्या तितकी माणसं.

माझ्या मागण्या आहेत त्या सांगते. सगळ्या खर्चिक नाहीत.

किल्ल्यावर एका वेळी किती माणसं असावीत याचा आकडा ठरवा आणि तो बंदरावर पाटीवर लिहा. तो आकडा कार्यालयात बसून ठरवू नका. हर्णै आणि पाजपंढरीच्या तांडेलांना बोलवा, ओहोटीला कुठे पाय टाकता येतो, उधाणाला कुठून उतरताच येत नाही, भांगाच्या, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या, दिवसांत किती वेळ मिळतो, हे त्यांना तोंडपाठ आहे. जितकी माणसं सुरक्षित चढू-उतरू शकतात तितकीच त्या भरतीला न्या. होड्या पाळीने सोडा, म्हणजे एकमेकांच्या पुढे जाण्यासाठी कुणी जादा माणसं भरणार नाही. आज ते भरतात त्यात त्यांचाही दोष नाही. एका सुट्टीच्या दिवसावर महिन्याची कमाई अवलंबून असेल तर माणूस काय करणार. पाळी ठरली तर सगळ्यांची चूल पेटेल. जॅकेट घातल्याशिवाय कुणाला होडीत घेऊ नका, यावर मी जास्त लिहीत नाही, सगळ्यांना कळतं.

बायकांसाठी बंदरावर स्वच्छतागृह हवं, पाण्यासकट. किल्ल्यावर नको. किल्ल्यावर ते बांधलं की पाणी न्यावं लागेल, घाण कुठे सोडायची हा प्रश्न येईल, आणि आज ना उद्या ती टाक्यांत झिरपेल. दीड-दोन तासांची फेरी असते, निघताना सोय असली की पुरते. हीच गोष्ट चहा-वडापावच्या टपऱ्यांची. जो काही धंदा करायचा तो हर्णैच्या बाजूला करूया, इथे करणारे हात भरपूर आहेत. प्रत्येक होडीत एक गोणपाट ठेवा, नेलेली बाटली परत आली पाहिजे. कल्पेनीला आमच्या होडीत सुंभाने बांधलेली एक टोपली होती, परतताना खलाशाने ती आमच्यापुढे फिरवली, शब्द न बोलता. मीसुद्धा पिशवीतला बिस्किटाचा कागद काढून टाकला.

आणि गटाबरोबर माणूस द्या. गावातला. आमच्या शाळांत अकरावी-बारावीची मुलं-मुली आहेत, कोळ्यांची, भंडाऱ्यांची, मुसलमानांची, ज्यांना हा किल्ला घरासारखा माहीत आहे. त्यांना आठवडाभर शिकवा आणि सुट्टीच्या दिवसांत मानधन द्या. किती सांगण्यासारखं आहे! कान्होजी आंग्र्यांच्या पराक्रमाची सुरुवात याच पाण्यात झाली. १७५५ मध्ये कमोडोर जेम्सने किल्ला घेतला आणि तो मेल्यावर त्याच्या बायकोने लंडनमध्ये एका टेकडीवर मनोरा बांधला, १७८४ मध्ये, तो आजही उभा आहे. त्याचं नाव सेव्हर्नड्रूग. सुवर्णदुर्गच, इंग्रजांच्या जिभेवरचा. लंडनमधली पोरं ज्या नावाच्या मनोऱ्याखाली खेळतात, त्या नावाच्या मूळ किल्ल्याच्या पायरीवर आपण वेफर्सची पाकिटं टाकतो. हे जर एखाद्या सोळा वर्षांच्या मुलीने पाहुण्यांना तिथे उभं राहून सांगितलं, तर मला नाही वाटत पुढचं पाकीट कुणाच्या हातून पडेल. नातीला मी होडीतच ही गोष्ट सांगितली होती. ती घरी येईपर्यंत सेव्हर्नड्रूग, सेव्हर्नड्रूग म्हणत होती.

उद्या एखादं मोठं प्रवासी जहाज हर्णैसमोर येऊन नांगर टाकून उभं राहिलं तर सर्वांत जास्त आनंद मला होईल. पडावाच्या तांडेलाची मुलगी आहे मी. पण त्या जहाजातून एका सकाळी पाचशे माणसं उतरली, त्यातली दोनशे किल्ल्यावर आणि तीनशे आमच्या वाड्यांत आंघोळीला गेली, तर त्या एका दिवसाच्या कमाईची किंमत हर्णै-मुरूडच्या विहिरी पुढची पाच वर्षं मोजतील. किनाऱ्यावरच्या आमच्या विहिरी बेटावरच्या विहिरीसारख्याच आहेत. खाली वाळू आणि वाळूखाली समुद्र. म्हणून आकडा जहाज यायच्या आधी ठरला पाहिजे. लक्षद्वीपला परवान्याच्या कागदासाठी ह्यांनी कुरकुर केली होती ते मी वर लिहिलंच आहे. परतीच्या होडीत बसल्यावर हेच म्हणाले की तो कागद नसता तर आज आपल्याला त्या घरात पाणी मिळालं नसतं.

काही जण म्हणतील, आकडा ठरवला की दलाली सुरू होईल, ओळखीच्यांना पास मिळतील. शक्य आहे. म्हणून पास बंदरावर, सगळ्यांसमोर, आलेल्याच्या क्रमाने द्या. आमच्या हर्णैच्या पुळणीवर रोज संध्याकाळी मासळीचा लिलाव होतो, लाखोंची उलाढाल तोंडी बोलीवर, शेकडो माणसांदेखत. ज्या गावाला तो चालवता येतो त्याला किल्ल्याची रांग लावता येणार नाही असं मला वाटत नाही. अट एवढीच की कारभार गावाकडे द्यावा, आणि देताना हिशेब उघडा ठेवायला लावावा.

ज्या खात्यांकडे किल्ला आहे, बंदर आहे, पर्यटन आहे, त्यांच्यातल्या कुणी हे पत्र वाचलं तर माझी विनंती आहे की पुढचा हंगाम सुरू व्हायच्या आत, म्हणजे पावसाळ्यात होड्या ओढून ठेवलेल्या असतात तेव्हाच, एकदा हर्णैला येऊन तांडेलांबरोबर बसावं. त्या दिवसांत सगळे घरी असतात आणि बोलायला सवड असते. जेवणाची सोय मी करीन. माझी पाण्याची वहीही दाखवीन, साडेसहा वर्षांचे रविवार आहेत तिच्यात. परवाच्या रविवारी ‘गोडं’ लिहिलं आहे.

आपली,
एक वाचक
मुरूड-हर्णै, ता. दापोली, जि. रत्नागिरी